परतीची खात्री

गळती शोधणं हे माझं काम. इराणमधल्या सेमनानच्या पाणी खात्यात मी इंजिनियर आहे. रस्त्यावर कुठे ओल दिसली की लोक मला फोन करतात आणि मी जमिनीला नळी लावून, कान देऊन, खालचा नळ कुठे फुटलाय ते ऐकते. वाळवंटाच्या काठावरचं गाव आमचं. उन्हाळ्यात दोरीवर एक चादर टाकून दुसरी टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते, त्यामुळे ओल इथे लपून राहत नाही. आणि माझ्याच आईच्या दारात, पायरीच्या पुढ्यात, परातीएवढा एक ओला डाग बारा महिने तेरा काळ होता. त्यावरून खात्यातले लोक माझी यथेच्छ टिंगल करत.

"फरंगीसखानम, सगळ्या गावाची गळती थांबवता. घरची कधी?"

"आईला विचारा," मी म्हणायचे.

आईचं उत्तर ठरलेलं. "तो नळाचा नाही गं बाई. तो आपल्या बेहरंगचा आहे."

बेहरंग माझा धाकटा भाऊ. तो शिकायला कॅनडाला निघाला त्या सकाळी आईनं त्याला दारात उंच धरलेल्या कुराणाखालून काढलं, आणि तो गल्लीत चार पावलं गेल्यावर तांब्याच्या वाडग्यातलं पाणी त्याच्या पाठीमागे जमिनीवर ओतलं. पाण्यात डाळिंबाचं एक पान. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या प्रत्येकाच्या मागे असं पाणी टाकतात. टाकणारा घरचा, मागे राहणारा. म्हणजे गेलेला माणूस त्याच दाराशी सुखरूप परत येतो. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, चांगली पद्धत आहे, निदान दारातली धूळ तरी बसते.

फक्त बेहरंगचं पाणी वाळलं नाही.

मी काय गप्प बसणार? घरचा नळ मुख्य चावीपाशी बंद केला. डाग तसाच. गल्लीतली वाहिनी ऐकली, ठणठणीत होती. मग त्या ओलीवर कापूस ठेवून, पिळून, बाटलीत पाणी जमवलं आणि आमच्या प्रयोगशाळेत नेलं. गावच्या पाण्यात क्लोरीन असतो, क्षार तर इतके की किटलीच्या आत पांढरा थर धरतो. या पाण्यात क्लोरीन नव्हता. थर धरायला क्षारही नव्हते. पुढे नगरपालिकेनं गल्लीत डांबर टाकलं तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. डांबर गार व्हायच्या आत ओल वर आली.

"तुझी ती नळी बाजूला घे आधी," आई मला म्हणाली. "सारखं काय टोचत असतेस त्याला?"

ती त्या डागाला वळसा घालून झाडायची. चिमण्या तिथे उतरत, पण पाणी पीत नसत.

आईचं म्हणणं होतं की आमच्या दारात हे नेहमीचंच आहे, माझंच लक्ष नव्हतं. बाबा मशहदला जात तेव्हा ते परत येईपर्यंत दार ओलं असे. मावशी करबलाहून आली आणि तिची बॅग आत येईस्तोवर डाग गेला होता. आणि इरजमामा. तो गालिचे विकायला हाम्बुर्गला गेला आणि तिकडेच हृदय बंद पडून वारला; तिकडेच पुरलं त्याला. त्याचा डाग पुढे काही दिवस टिकला आणि एका दुपारी वाळला. त्या दिवशी आजीनं जेवताना एक ताट जास्त मांडलं होतं, हे मला चांगलं आठवतं. मी विचारलं, कुणासाठी? आजी म्हणाली, गप जेव.

"म्हणजे मामा आला होता?" मी आईला खवचटपणे विचारलं.

"मी कुठे म्हटलं?" आई म्हणाली. "पाणी वाळलं, एवढंच म्हटलं."

तर बेहरंगचं पाणी वाळत नव्हतं, कारण बेहरंग येत नव्हता. येऊ शकत नव्हता. आमच्याकडे मुलग्याला सैन्यात दोन वर्षं काढल्याशिवाय पासपोर्ट सुखासुखी मिळत नाही. याला शिक्षणासाठी म्हणून, शिकून परत येईन आणि सेवा करीन या हमीवर मिळाला होता. शिक्षण संपलं, नोकरी लागली, हमी राहिली. आता त्याच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे, त्यावर तो अर्धं जग फिरतो. पण इराणी माणसाला इराणमध्ये इराणी पासपोर्टावरच यावं लागतं. तो पुढे केला की आत घेतील, बाहेर सोडणार नाहीत. नोकरी जाईल, घर जाईल, आणि चाळिशीला टेकलेला माझा टकला भाऊ बंदूक घेऊन कुठल्या तरी वाळवंटात पहारा देत बसेल.

मग आईनं जायचं ठरवलं. कॅनडाच्या व्हिसासाठी अर्ज केला, नाकारला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. कारण दोन्ही वेळा एकच: मुक्काम संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही.

मी आईला ते वाचून दाखवलं. तिला वाईट वाटेल अशी माझी समजूत. ती पोट धरून हसली.

"माझ्या परतीची खात्री? अगं, त्यांना कळव ना, नासर पाणी टाकेल म्हणून!"

नासर माझा नवरा. आम्ही आईच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. तो शाळेत इतिहास शिकवतो आणि माणूस इतका सरळ की त्याला कुणी 'जरा थांब' म्हटलं तर तो तास न् तास थांबेल. आईचा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव होता.

शेवटी आम्ही तेच केलं जे आमच्यासारखी निम्मी घरं करतात. जिथे आमच्या पासपोर्टाला व्हिसा लागत नाही आणि मुलांच्या पासपोर्टालाही अडचण नाही, असा मधला देश शोधायचा, तिथे घर भाड्यानं घ्यायचं आणि आठ-पंधरा दिवस आईनं मुलाला जेवू घालायचं. आम्ही येरेवान ठरवलं. आर्मेनियाला बसनं जाता येतं आणि आई विमानात बसायला तयार नव्हती.

आईनं जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. फोटोवाल्यानं दोनदा तिची बट डोक्यावरच्या रुमालाआड ढकलायला लावली, हनुवटी वर, हसू नका, इकडे बघा. फोटो हातात आल्यावर ती म्हणाली, "कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसते मी यात." मला मात्र तिच्यासारखं सुखानं रांगेत उभं राहता येईना. लग्न झालेल्या बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी परवानगी लागते. विधवेला लागत नाही.

"बघ," आई म्हणाली, "मी मोकळी. तू गावाला पाणी पाजतेस, पण तुला नासरची चिठ्ठी लागते."

नासरनं सही केली आणि त्याचाच चेहरा असा पडला की जणू त्यालाच परवानगी मागावी लागली होती. मी त्याला महिनाभर 'मालक' म्हणून हाक मारली.

पासपोर्ट पोस्टानं आला. डाळिंबी रंगाचा, कोरा, कडक. आईनं तो डोळ्यांना लावला, ओठांना लावला आणि मिठाईच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. शेजारणी आल्या की डबा निघायचा. कोऱ्या पानांवरून बोट फिरवत ती म्हणायची, "इथे शिक्के पडतील. हे सगळं रिकामंय बघा अजून."

निघायच्या दिवशी तिनं नासरला दारात उभं करून समजावलं. आजवर पाणी तीच टाकत आली होती. आता तीच जाणार म्हटल्यावर टाकणार कोण?

"नासरजान, नीट ऐक. मी या दारातून बाहेर पडले की माझ्या मागे पाणी टाकायचं. घाई नको. मी चार पावलं गेले की मग. आणि विसरायचं नाही."

"नाही विसरणार, आई."

"कुणी काही म्हणो, टाकायचं."

"टाकेन, आई."

त्यानं टाकलं. वाडगा इतका गच्च भरला होता की निम्मं त्याच्याच बुटात गेलं. माझ्याही मागे वेगळं टाकलं, मालकच तो.

नोर्दूझला अरास नदीवरचा पूल आहे; अलीकडे आपण, पलीकडे आर्मेनिया. तिथे बसमधून उतरून, सामान ओढत, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत चालावं लागतं. पूल ओलांडल्यावर बसमधल्या पोरींनी डोक्यावरचे रुमाल खाली घेतले, मीही घेतला. आईनं नाही. खिडकीतल्या पोरानं तिचा पासपोर्ट उघडला, पहिल्या कोऱ्या पानावर शिक्का मारला. तिनं तो परत मागून घेतला आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत तिथेच उभी राहिली. मागे सगळी रांग खोळंबली. कुणी ओरडलं नाही.

येरेवानमधलं घर मादाम वार्तूशचं होतं. मादाम मूळची आमच्या इस्फहानची, जुल्फा या आर्मेनियन वस्तीतली. लग्न होऊन तिकडे गेलेली आणि फारसी अजून अस्सल इस्फहानी हेल काढून बोलणारी. खालच्या मजल्यावर दोन खोल्या, अंगणात जर्दाळूचं झाड, दाराला गुलाबी दगडाची पायरी. त्या पायरीवर बेहरंग बसला होता.

आईनं त्याला मिठी मारली नाही. ती त्याच्या समोर उभी राहिली आणि तिनं त्याची टोपी काढली.

"केस कुठे ठेवून आलास?"

"थंडी फार तिकडे, आई. गळले."

"टोपी घालत नसशील."

"आत्ताच काढलीस ना माझी!"

मग तो रडायला लागला आणि तिनं आपल्या रुमालाच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. मादाम वार्तूश मला कोपर मारून म्हणाली, "आत चल, आपण दोघी भांडी मोजू."

ते दिवस मी आयुष्यातून काढून दाखवू शकेन असे आहेत. आईनं सेमनानहून सुकवलेली मेथी, सुकी लिंबं, केशर, सगळं बांधून आणलं होतं. ती सकाळपासून रांधायची, बेहरंग टेबलाशी बसून भाजी निवडायचा आणि ती त्याला म्हणायची, "एवढं शिकलास आणि देठ ठेवतोस?" भाताच्या तळाशी धरलेली खरवड त्याला फार आवडते. ती रोज मुद्दाम जाड धरू द्यायची आणि सगळी त्याच्या ताटात घालायची. मला तुकडा मिळाला नाही. मी तक्रार केली तर म्हणाली, "तू रोज खातेस." संध्याकाळी तो तिचे पाय दाबायचा. मी खिडकीत बसून जर्दाळू खात त्यांच्याकडे पाहायचे आणि मला वाटायचं, देवा, हे दोघं असेच राहू देत, बाकी मला काही नको.

परतायच्या दिवशी आमची बस सकाळी होती, त्याचं विमान संध्याकाळी. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आई पुढे निघाली, मी आत विसरलेला तिचा चष्मा शोधत होते. दारात आले तर बेहरंगच्या हातात मादामचा काचेचा वाडगा, त्यात जर्दाळूचं एक पान. आई चार पावलं गेली होती. त्यानं पायरीच्या पुढ्यात, तिच्या मागे, अलगद पाणी टाकलं.

मी धावत जाऊन त्याचा हात धरला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पाणी खात्यात नोकरी करते मी.

"अरे, काय केलंस?"

"का? आई करते तसंच केलं."

"ज्याचं दार त्यानं टाकायचं असतं! जो मागे राहतो त्यानं. तू संध्याकाळी विमानात बसणार. ती परत येईल ती कुणाच्या दाराशी? मादामच्या?"

तो हसला. "मी असेन ना. वसंतात, नवरोजला पुन्हा इथेच येतोय आपण. ठरलंय तिचं माझं."

मी ओल ओलांडून गेले. आईनं मागे वळून पाहिलं नव्हतं. तिला काही माहीत नव्हतं. पुलावर तिच्या पासपोर्टावर आणखी एक शिक्का पडला, तिनं त्यावरही फुंकर घातली. घरी पोचलो तर नासर दारात उभा. त्यानं टाकलेलं पाणी आम्ही बसमधून उतरलो तेवढ्यातच वाळलं, असं तो म्हणाला. बेहरंगचा जुना डाग तेवढा होता.

पानगळीच्या दिवसांत मादाम वार्तूशचा फोन आला.

"फरंगीसजान, तू पाण्याची इंजिनियर ना? तुम्ही गेल्यापासून माझ्या दारात ओल आहे. नळवाला येऊन गेला, पायरी उखडून पाहिली, खाली सगळं कोरडं. काय असेल गं?"

मी तिला चाव्या, सांधे, जमिनीचा उतार, जे जे पुस्तकात आहे ते सगळं सांगितलं. हिवाळ्यात तिचा पुन्हा फोन. "गाव सगळं गोठलंय. अंगणातली बादली फुटली बर्फानं. आणि हे गोठत नाही, बघ!"

आई शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं, आणि तिचा चेहरा पोरीसारखा उजळला.

"टाकलं होतं होय त्यानं? माझ्या मागे?" ती म्हणाली. "बोलला नाही मेला. मग तर जायलाच हवं मला."

तिनं बॅग काढून पलंगाखाली ठेवली. पासपोर्टावर मुदत आहे ना, हे मला दर आठवड्याला उघडून दाखवावं लागे. बेहरंगनं नवरोजचं तिकीट काढलं, मादामच्या खोल्या सांगून ठेवल्या.

आणि बर्फ वितळायच्या आत आई गेली. दुपारी चहा घेऊन आडवी झाली. मी खाली आले तेव्हा पेल्यातला चहा अजून कोमट होता.

बेहरंगला मी फोनवर सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की सीमेवर पकडलं तरी आधी कबरीपर्यंत जाऊ देतात का. मी म्हटलं, वेड्यासारखं करू नकोस, तिला ते आवडलं नसतं. मला त्याच्याजवळ असायला हवं होतं आणि जग असं केलंय की मी जाऊ शकत नव्हते, तो येऊ शकत नव्हता.

तिला उचललं तेव्हा दारात सगळी गल्ली जमली होती. ताटी बाहेर निघाली. चार पावलं पुढे गेली. आणि माझ्या मागून नासर आला, डोळ्यांत पाण्याच्या धारा, हातात तांब्याचा वाडगा. कुणाला काही कळायच्या आत त्यानं तिच्या मागे पाणी टाकलं.

बायका किंचाळल्या. "हाय हाय! मेलेल्या माणसामागे पाणी? वेडा झाला का हा?"

नासर भांबावून उभा. "त्याच म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "मी या दारातून बाहेर पडले की टाकायचं. कुणी काही म्हणो."

त्याचं खरं होतं. मी त्याच्या हातातला वाडगा घेतला आणि त्याचा हात धरून त्याला ताटीमागे घेऊन गेले. बेहरंगला हे आम्ही कधीच कळू दिलं नाही. त्याला काय सांगायचं, आणि का?

पासपोर्ट रद्द करायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं कात्रीनं त्याचा कोपरा कापला आणि आठवण म्हणून ठेवा म्हणत परत दिला. बरी माणसं असतात. मी तो डब्यात ठेवला.

नासरचं पाणी वाळलं नाही. पायरीपुढे आता दोन डाग होते, एक परातीएवढा जुना आणि शेजारी दुसरा, लहान. मी खात्यात कुणाला बोलले नाही. नळीही लावली नाही.

बेहरंगनं तिकीट रद्द केलं नाही. "त्या घरात जाऊन बसतो, ताई," तो म्हणाला. "दुसरं कुठे बसू?" मादामला आम्ही दोघांनीही काही कळवलं नव्हतं. तिला कळलं तर ती रडेल, ती रडली की आपण रडू, म्हणून आज उद्या करत राहून गेलं.

नवरोजच्या आदल्या दिवशी मी खालच्या खोल्या झाडत होते. घरात माणूस गेल्यावरचा पहिला नवरोज, काळ्या कपड्यांत लोक भेटायला येणार होते. तेवढ्यात मादाम वार्तूशचा फोन. आवाज चढलेला.

"फरंगीस, अक्कल आहे का तुला? या वयाच्या बाईला एकटं पाठवायचं?"

"कुणाला, मादाम?"

"कुणाला काय! आई आलीय ना तुझी. सकाळी दार उघडलं तर पायरीवर बसलेली. बॅग नाही, काही नाही, पायात घरातल्या सपाता. मी म्हटलं तूरानखानम, कळवायचं तरी! तर नुसती हसते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. केरसुणी हातातच होती.

"आणि एक चांगलं झालं बघ," मादाम म्हणाली, "ती दारातली ओल आज गेली. आपोआप. खडखडीत."

"मादाम... तुम्ही तिचा पासपोर्ट पाहिलात?"

"मागितला मी. भाडेकरूंचा नोंदवावा लागतो. म्हणाली, फरंगीसकडे आहे, डब्यात. मी विचारलं, मग पुलावरून सोडलं कसं तुला? तर म्हणाली, पाणी वाळायच्या आत निघाले." मादाम पुढे म्हणाली, "चहा नको म्हणते. बेहरंगचं विमान किती वाजता उतरतं ते विचारतेय. सांग ना."

मी वेळ सांगितली. मग डबा काढला. पासपोर्ट त्यातच होता, कोपरा कापलेला. मी एकेक पान उजेडात धरून पाहिलं. मागच्या वेळचे शिक्के होते. नवा एकही नव्हता.

संध्याकाळी बेहरंगचा फोन आला.

"पोचलास?"

"हो."

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"खरवड धरू दिलीय तिनं," तो हळूच म्हणाला. "जाड."

"बेहरंग..."

"पाय फार थंड आहेत गं तिचे. मोजे घातले. तरी."

कॅमेरा लाव, असं माझ्या ओठांवर आलं होतं. "दाबून दे," एवढंच म्हटलं.

नवरोजचे दिवस गेले. लोक आले, रडले, चहा घेऊन गेले. मी कुणाला काही बोलले नाही, नासरलाही नाही. रोज दार उघडून डाग पाहायचे. दोन्ही ओले.

मग एका दुपारी पुन्हा फोन.

"निघाली," बेहरंग म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता, खूप रडून झाल्यावर होतो तसा. "सकाळी. चालत. वळणापर्यंत पाहिली मी."

"पाणी टाकलंस?"

"वाडगा भरून आणला होता. पान घालून. तिनं हात धरला माझा. नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, तिकडे नासरनं टाकून ठेवलंय."

मी उठून डबा खाली काढला.

"ताई? नासरनं कशाला टाकलंय?"

मी त्याला नंतर फोन करते म्हटलं. डब्यातून पासपोर्ट घेतला आणि दार उघडलं. गल्लीत ऊन होतं, कुणी नव्हतं. बेहरंगचा डाग होता तसाच ओला होता; तो तसाच राहू दे, मी मनात म्हटलं. शेजारचा लहान डाग कडेनं वाळायला लागला होता.

"कोण आलंय?" नासरनं आतून विचारलं.

"अजून कुणी नाही," मी म्हटलं, आणि दार उघडंच ठेवलं.